झाकण सैल करून ठेवा

ट्रायथलॉन करते म्हटलं की पुरुषमंडळी सायकल केवढ्याला पडली ते विचारतात. माझ्या मावशीने विचारलं, "अगं, पण एवढ्या वेळात तुम्ही खाता काय? आणि कुठे बसून?" इतका नेमका प्रश्न मला आजवर दुसऱ्या कुणी विचारलेला नाही. बसूनच खातो, मावशी. फक्त सायकलच्या सीटवर, ताशी पंचवीस-सव्वीसच्या वेगात, एक हात हँडलवर ठेवून.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं, सगळं सलग. मी करते त्या हाफ आयर्नमॅन प्रकाराचं अंतर असं: १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर पळणं. मध्ये जेवणाची सुट्टी नाही. पोहताना पोटात जातं ते नको असलेलं खारं पाणी. पळताना पोट असं हिंदकळतं की कधीकधी दोन घोटही वर येतात. राहता राहिली सायकल. माझ्यासारखीला तिथे साडेतीन तासांच्या आसपास लागतात आणि दिवसाचं काय ते खाणंपिणं बहुतेक त्यातच उरकावं लागतं. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, असतो, म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आसपास. सायकलवर तासाला पाचशे-सहाशे सहज जळतात. खाऊन त्यातल्या निम्म्या भरून निघाल्या तरी खूप. तोटा ठरलेलाच आहे, तो किती सावकाश होऊ द्यायचा एवढंच आपल्या हातात.

म्हणून भूक लागायच्या आत खायचं. घड्याळ दर पंधरा मिनिटांनी वाजतं, वाजलं की घोट घ्यायचा, अर्ध्या तासाला काहीतरी पोटात ढकलायचं. तहानेच्या बाबतीत तज्ज्ञांमध्ये वाद आहेत. काही म्हणतात तहान लागेल तेव्हा प्या, काही म्हणतात ठरवून प्या. भुकेबद्दल मात्र फारसं दुमत नाही. भूक जाणवली म्हणजे उशीर झालेला असतो, आणि खाल्लेलं रक्तात उतरेपर्यंत रस्ता थांबत नाही.

ऐकायला सोपं वाटतं. मला ते सायकलच्या चढांपेक्षा जड गेलं, कारण माझं सगळं वळण याच्या उलट झालं होतं. आमच्या घरी उभ्याने खाल्लं तर आजी ओरडायची. बायका मागून जेवायच्या. सगळ्यांचं झालं, भांड्यात किती उरलंय ते पाहिलं, की मग पान घ्यायचं. आणि पाणी? "बाहेर जायचंय, पाणी कमी पी," हे मला आईने सांगितलं आणि तिला तिच्या आईने. एसटीचा प्रवास असो, लग्नाचं कार्यालय असो की परीक्षेचं केंद्र, आधी डोक्यात हिशोब की तिथे बाथरूम असेल का, असेल तर कडी असेल का. तिशी-चाळिशी उलटेपर्यंत हा हिशोब इतका अंगात मुरतो की तहान लागणंच बंद होतं म्हणा ना.

पुण्याहून साताऱ्याच्या दिशेने आमचा ग्रुप सरावाला निघायचा. शिरवळला चहाला थांबलो की पुरुषांच्या बाटल्या रिकाम्या आणि आम्हा बायकांच्या निम्म्याहून जास्त भरलेल्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, ठरवलंही नव्हतं. सरांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी रागावण्याऐवजी एक काम केलं. त्या रस्त्यावरच्या कुठल्या पेट्रोल पंपाचं टॉयलेट उघडं असतं, कुठे किल्ली मागावी लागते, कुठे आतली कडी लागते, याची यादी आमच्यातल्याच एकीला करायला सांगितली. ती यादी ग्रुपवर आली आणि पुढच्या रविवारपासून बाटल्या हलक्या होऊन परत यायला लागल्या. हायड्रेशनवर आजवर जेवढी व्याख्यानं ऐकली, त्या सगळ्यांपेक्षा त्या यादीचा उपयोग जास्त झाला.

(स्पर्धेत काय करता, हा प्रश्न मनात आला असेल तर सांगते. ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहून सायकल घ्यायच्या आणि सायकल ठेवून पळायला निघायच्या जागेत, फिरती शौचालयं असतात, काही ठिकाणी वाटेतही. आणि पुष्कळ जण, मोठमोठे नावाजलेलेसुद्धा, चालत्या सायकलवरच मोकळे होतात आणि वर बाटलीभर पाणी ओतून घेतात. या खेळात हे उघड बोललं जातं. मला ते जमलेलं नाही आणि जमावं अशी फार ओढही नाही.)

बाटलीत काय भरायचं याच्यावर या जगात जेवढी चर्चा होते तेवढी लग्नाच्या मेनूवरही होत नसेल. पण तिच्या मुळाशी एक गोष्ट आहे, जिचा शर्यतीशी काही संबंध नव्हता. लहान आतड्यातून ग्लुकोज आत घेणारं एक वाहक प्रथिन असतं, आणि ते ग्लुकोजला सोडियमच्या जोडीनेच आत नेतं. रॉबर्ट क्रेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६० साली प्राग इथल्या परिषदेत ही कल्पना मांडली. मीठ आणि साखर एकत्र दिली की दोन्ही आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनोबिस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांतून ते लोकांना प्यायला दिलं. मरणाचं प्रमाण तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आलं. महालनोबिस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण मिळालं ते पुढच्या वर्षी, मरणोत्तर. माझ्या सायकलच्या बाटलीतलं पाणी त्याच वाटेने रक्तात उतरतं. दोन-अडीच हजारांचा स्पोर्ट्स ड्रिंकचा डबा घेणाऱ्याने त्यावरचं इंग्रजी वाचण्याआधी हे वाचावं असं मला वाटतं.

त्या वाहकाची क्षमता मात्र ठरलेली. ग्लुकोज तासाला साठ ग्रॅमच्या आसपासच आत जाऊ शकतं. त्याहून जास्त प्यायलं तर ते पोटात पडून राहतं आणि मग मळमळ, गोळा, पुढचं सगळं. फ्रुक्टोज मात्र वेगळ्या वाहकाने जातं. दोन्ही मिसळून दिलं तर तासाला नव्वद ग्रॅमपर्यंत मजल जाते, हे गेल्या वीसेक वर्षांत आस्कर यूकेनड्रुप यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवून दिलं. हल्लीचे व्यावसायिक खेळाडू तर शंभराच्याही वर जातात, पण त्यांनी आतड्यांना तशी सवय लावलेली असते, महिनोन्‌महिने. आता गंमत अशी की आपली रोजची साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज. जेल म्हणजे पाकिटातून चोखायचा साखरेचा दाट पाक. तसल्या एका परदेशी जेलच्या किमतीत किलोभर साखर येऊन वर सुटे पैसे परत मिळतात. तरी जेल विकत घेतलेच जातात, आणि त्यालाही कारण आहे. नुसत्या साखरेचं एवढं दाट पाणी दुसऱ्या तासाला जिभेवर नको होतं. माल्टोडेक्स्ट्रिन हे ग्लुकोजच्याच साखळ्यांचं, पण फारसं गोड नाही. म्हणून मी अर्धी साखर, अर्धं ते, असं मिळून साठ ग्रॅम पाऊण लिटर पाण्यात घालते. पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू. तासाला एक बाटली. गोव्याच्या दमट हवेत तेवढ्याने भागत नाही, वर साधं पाणी लागतंच.

फक्त साधं पाणी ढोसत राहणं मात्र धोक्याचं. घामातून सोडियम जातं, वरून पाणीच पाणी आलं की रक्तातलं उरलंसुरलं सोडियम पातळ होतं. बोटं सुजतात, अंगठी रुतायला लागते, डोकं दुखतं, मळमळतं. आणि बघणाऱ्याला वाटतं उन्हाने झालंय, म्हणून तो आणखी पाणी पाजतो. प्रकरण जिवावर बेतू शकतं. हा धोका सावकाश जाणाऱ्यांना जास्त, कारण प्यायला त्यांना वेळ जास्त असतो. घाम प्रत्येकाचा वेगळा. माझ्या हेल्मेटच्या पट्ट्यांवर शर्यतीनंतर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात. माझ्याबरोबरच्या एकीच्या पट्ट्या कोऱ्या करकरीत. आम्हा दोघींची बाटली एक असून कसं चालेल?

घन पदार्थांचे प्रयोग तर आमच्याकडे सगळ्यांनीच करून झालेत. चिक्कीबद्दल सगळ्यांना जिव्हाळा, पण शेंगदाण्यात तेल, ते पचायला वेळ, आणि धापा टाकताना दाण्याचा कण चुकीच्या नळीत गेला की ठसका लागून सायकल रस्त्याच्या मध्यावर. राजगिऱ्याचा लाडू तोंडात भुगा करतो. बिया काढून मीठ भरलेला खजूर उत्तम. उकडलेला छोटा बटाटा, मीठ-जिरं लावून, गोडाचा वीट आला की देवासारखा धावून येतो. पण माझी खरी आवड म्हणजे वसईची सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, ती मधासारखी चिकट, गडद तपकिरी होतात. जेलसारखी फुटत नाहीत, चॉकलेटच्या बारसारखी उन्हात वितळत नाहीत. आदल्या रात्री मी बोटभर तुकडे करून, थोडं मीठ भुरभुरून, हँडलच्या मागे नळीवर बांधायच्या छोट्या पिशवीत भरते. आणि एक लिंबाच्या गोड लोणच्याची फोड, अगदी शेवटच्या तासासाठी. तिच्यात पोषण किती हा प्रश्न गैरलागू आहे.

हे सगळं आपण आपलं न्यायचं. रस्त्याकडेला नवरा डबा घेऊन उभा राहिला आणि मी त्याच्या हातून घेतला तर ती बाहेरची मदत, म्हणजे नियमभंग. खाण्यापिण्याचं बाहेरून घ्यायचं ते फक्त आयोजकांच्या एड स्टेशनवर, म्हणजे वाटेत मांडलेल्या खाण्यापाण्याच्या टेबलांवर. पूर्वी असं नव्हतं. १९७८ च्या फेब्रुवारीत हवाईच्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा पंधरा जण निघाले आणि बारा पोहोचले. स्टेशन नावाची भानगडच नव्हती, ज्याने त्याने आपापली माणसं गाडीतून बरोबर आणायची. जॉन डनबार सायकलवरून उतरला तेव्हा सगळ्यांच्या पुढे होता. पुढे पळताना त्याच्या माणसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर दिली. गॉर्डन हॅलर त्याला मागे टाकून ११ तास ४६ मिनिटांत पहिला आला. डनबार दुसरा, तोही लडखडत.

आपल्या माणसांच्या हातचं घेण्याची सोय हवी असेल तर रेस अॅक्रॉस अमेरिकेसारख्या सायकल शर्यतीत जावं. तिथे अख्खा ताफाच मागून चालतो. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र या महाजन डॉक्टरबंधूंनी २०१५ मध्ये ती जोडीने पूर्ण केली, आणि २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकेकट्याने. जवळजवळ ४,८०० किलोमीटर, आणि खायला काय, किती, केव्हा हे बघायला माणसं गाडीत बसलेली. ट्रायथलॉनवाल्याला ते सुख नाही. ज्याला कधी पाहिलेलं नाही आणि पुन्हा कधी पाहणार नाही अशा कुणाच्या तरी हातून घ्यायचं.

आणि घ्यायचंच, टाळायचं नाही. पॉला न्यूबी-फ्रेझर या बाईंनी हवाईची शर्यत आठ वेळा जिंकली. १९९५ मध्ये, सात विजय खिशात असताना, कॅरन स्मायर्स मागून येतेय म्हणून त्यांनी पळण्याच्या शेवटाकडे स्टेशनं सोडून दिली. शेवटची रेघ काहीशे मीटरवर असताना पाय गेले. रस्त्यातच त्या आडव्या झाल्या, बऱ्याच वेळाने उठून चालत चौथ्या आल्या. पुढच्या वर्षी परत जिंकल्या म्हणा. पण जिला सगळं येत होतं तिचीही दोन घोटांनी ही गत केली.

गोव्यात २०१९ पासून मिरामारच्या किनाऱ्यावरून हाफ आयर्नमॅन सुटते. तिथलं सायकलचं स्टेशन दिसण्याआधी ऐकू येतं. "पाणी! पाणी! सर, वॉटर! उदक, उदक!" मग "इलेक्ट्रोल!", मग "बनाना!" प्रत्येक जण आपल्या हातातल्या वस्तूचं नाव ओरडत ओळीने उभा. पंगतीत वाढपी "भात, भात", "वरण, वरण" करत फिरतात ना, अगदी तसं. फक्त इथे वाढपी जागेवर आणि पंगत पळते. आणि मला तिथे पहिल्यांदा लक्षात आलं की वाढणाऱ्यांच्या रांगेत मी जन्मभर उभी होते, पण न मागता, न थांबता, माझ्या आधी कुणाचं झालं की नाही ते न बघता कुणी माझ्या हातात ठेवतंय, हे मला सवयीचं नव्हतं. पहिल्या स्टेशनवर मी चक्क "थँक्यू, राहू द्या" म्हणून पुढे जायच्या बेतात होते. हात आपोआप आखडता येतो. मग घड्याळ वाजलं आणि हात पुढे गेला.

घेण्याचंही तंत्र आहे. स्टेशनच्या आधी रिकाम्या बाटल्या टाकायची जागा असते, तिथेच टाकायची. जेलचं फाडलेलं टोकसुद्धा त्याच्या हद्दीबाहेर पडलं तर दंड. आपल्याकडे वाहतूक डावीकडून, त्यामुळे स्वयंसेवक डावीकडे आणि घ्यायचा हातही डावा. म्हणजे ब्रेकवर उजवा एकटा, आणि आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताखाली पुढचा ब्रेक असतो. बाटली घेता घेता तो दाबला की माणूस हँडलवरून पुढे. म्हणून वेग आधीच पंधरा-सोळावर आणायचा, ओळीतला एकच जण हेरायचा, त्याच्याकडे बोट दाखवायचं, डोळ्याला डोळा भिडला की मग बाकीचे आपोआप मागे सरकतात. रस्त्यावर सांडलेलं पाणी, चेपलेल्या बाटल्या, केळ्यांची सालं. बाटली हाती आली की सरळ रेषेत वीसेक मीटर जाऊ द्यायचं आणि मगच तोंडाला लावायची.

एका वर्षी मी कोकणातल्या एका छोट्या स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून दुसऱ्या बाजूला उभी राहिले. आमच्या टेबलावर कॉलेजची मुलंमुली होती, साधी अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली होती. सकाळी सहाला मी त्यांना पहिलं सांगितलं ते हे, की झाकण सैल करून ठेवा. सील तोडायचं, पण झाकण काढायचं नाही. अर्धा आटा फिरवून तसंच ठेवायचं. एका हाताने सायकल धरलेल्या माणसाला सील तोडता येत नाही, तो दातांनी तोडायला जातो आणि त्या नादात खड्डा चुकतो. जास्त सैल केलं तर घेतानाच निम्मं पाणी त्याच्या डोळ्यात. बाटली मानेजवळ दोन बोटांत धरायची, तळ मोकळा ठेवायचा, त्याच्याबरोबर चार पावलं पळायचं, आणि त्याचा हात लागला की लगेच सोडायची. एका मुलीला हे सोडणंच जमेना. प्रत्येक वेळी ती बाटली घट्ट धरून ठेवायची आणि सायकलवाला ती ओढत पुढे जायचा. "काकू, त्यांच्या हातातून पडेल असं वाटतं हो," म्हणाली. मी तिला केळी सोलायला बसवलं. अर्धं साल काढलेली, खालून धरता येतील अशी केळी तिने इतकी सुबक मांडून ठेवली की लोक मुद्दाम तिच्यापाशी हळू व्हायला लागले.

बायका फार थोड्या होत्या. त्यातल्या बऱ्याच जणी हात हलवून "नको, नको" करत निघून जायच्या, आणि त्या नकोच्या स्वरात मला आमच्या घरातल्या सगळ्या बायका ऐकू यायच्या. तिसऱ्या फेरीपासून मी मधे उभं राहून ओरडायला लागले, "ताई, घ्या! पुढे बाथरूम आहे, कडी लागते!" शेजारची पोरं हसली. पण त्यानंतर दोघींनी बाटल्या घेतल्या.

शेवटचा सायकलवाला आला तेव्हा ऊन चढलं होतं, केळी संपली होती, इलेक्ट्रोलचा एकच जग उरला होता. साठीचे गृहस्थ. ते वेगात घेऊन जाण्याच्या भानगडीतच पडले नाहीत; उतरले, सायकल टेबलाला टेकवली, बाटलीभर पाणी एका दमात प्यायले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "गोड खाऊन खाऊन जीभ गेली बघा. लोणचं-बिणचं काही आहे का?" मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. केळीवाल्या मुलीने टेबलाखालची पिशवी ओढली, डबा उघडला आणि पोळीच्या घडीतून कैरीच्या लोणच्याची फोड काढून त्यांच्यापुढे धरली. तिथे उभ्या असलेल्या पंचांकडे सगळ्यांनी पाहिलं. पंच म्हणाले, "स्टेशनच्या टेबलावरून मिळालंय ना? मग घ्या, आणि निघा आता, अजून अठरा किलोमीटर आहेत." गृहस्थांनी फोड तोंडात टाकली, कोय थुंकायला जागा शोधली, आणि दंड नको म्हणून ती गालात तशीच ठेवून सायकलवर बसले.